लिंक पाठवतो, पण उघडत कुणीच नाही

या वेळचं पत्र थोडं छोटं करून देते:

"ताई, मी २९ वर्षांचा आहे. रात्री सगळं आवरलं की तासभर नेटवर भटकायची सवय आहे, ठरवून काही नाही, एका लिंकवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर. त्यात इतक्या अजब गोष्टी सापडतात की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. मग घरच्या ग्रुपवर टाकतो, मित्रांच्या ग्रुपवर टाकतो. शंभरहून जास्त वर्षं चालू असलेला बल्ब टाकला, डांबराचा थेंब पडायची वाट बघणारा प्रयोग टाकला, कुणाचं काही नाही. निळ्या टिका येतात आणि पुढचा मेसेज 'उद्या कोण कोण येतंय'. गेल्या महिन्यात पुराच्या पाण्यात हायवेवर पोहणाऱ्या शार्कचा फोटो टाकला तर आतेभावानं सगळ्यांसमोर लिहिलं की हा फेक आहे, नेटवरचा कचरा इथे आणून टाकू नकोस. तेव्हापासून काहीच टाकलं नाही. मोठी बहीण अधूनमधून मला क्रोशाचे व्हिडिओ पाठवते, पण त्यात मला इंटरेस्ट नाही त्यामुळे बघणं होत नाही. बाकी माझ्याशी असलं काही बोलणारं कुणी नाही. फोनमध्ये ६३ टॅब उघडे पडलेत. शेअर करणं सोडून देऊ का? की माझ्यासारखी माणसं कुठेतरी शोधू? – रात्रीचा भटक्या"

भटक्या, सोडू नकोस. हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील. तुला वाटतंय की ही फार बारीक तक्रार आहे, कुणाला सांगण्यासारखी नाही, पण मला तशी वाटली नाही. एखादी गोष्ट बघून आपला जीव सुपाएवढा होतो आणि वळून बघावं तर सांगायला कुणीच नाही, हे खरंच दुखतं आणि रोज दुखत राहिलं की माणूस हळूहळू बघणंच बंद करतो. तुझं तसं होऊ नये म्हणून एवढं लांब लिहितेय.

आणि हा जो तुझा छंद आहे ना, अजब काहीतरी सापडलं की लोकांना बोलावून दाखवायचा, तो वेबइतकाच जुना आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये १९९१ मध्ये काही जणांनी कॉफीच्या भांड्यावर एक कॅमेरा लावला होता, का तर जिने चढून जावं आणि भांडं रिकामं निघावं हे टाळायला. १९९३ मध्ये तोच कॅमेरा वेबवर जोडला गेला आणि मग जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यातली माणसं, ज्यांना त्या कॉफीचा एक घोटसुद्धा कधी मिळणार नव्हता, ती बसून बघायला लागली की भांडं भरलंय का. २००१ मध्ये कॅमेरा बंद झाला तेव्हा त्याची बातमी झाली. वेब लहान होतं तेव्हापासून लोक एकमेकांना 'अरे हे बघ' म्हणत आलेत, त्यामुळे आपल्यात काहीतरी बिघडलंय असं मनात आणू नकोस.

आता मुद्द्यावर येऊ. तू तुझ्या मेसेजचे स्क्रीनशॉट पाठवलेस ते बरं केलंस. अकरा मेसेज आहेत, बहुतेक ठिकाणी वर लिंक आणि खाली 'भारी आहे बघा' किंवा 'मस्ट रीड' असलं काहीतरी, दोन ठिकाणी नुसती लिंक. अरे, तू जे बघून उडालास ते त्या मेसेजमध्ये आलंच नाही ना! समोरच्याला दिसतो एक निळा पट्टा. त्याला हातातलं काम सोडून तो उघडायचा, पान लोड व्हायची वाट बघायची, कुकीजचं खिडकीएवढं बॉक्स बंद करायचं, इंग्रजीतला लांबलचक मजकूर वाचायचा आणि त्यात तुला नेमकं काय भारी वाटलं ते स्वतःच शोधून काढायचं. एवढं काम कोण करणार? तू तिथपर्यंत रमतगमत पोचलास, तासभर फिरून, आधीची चार पानं वाचून, म्हणून तुला ते पान दिसताच हरखायला झालं. त्यांच्याकडे ते आधीचं काहीच नाही, त्यांना तू थेट शेवटच्या स्टॉपवर उतरवतोस.

तुझाच तो डांबराचा प्रयोग घेऊ. मी तुझी लिंक उघडली, वाचलं, आणि खरं सांगते, वाचून गप्प बसून राहिले. पण तू खाली काय लिहिलं होतंस? 'जगातला सगळ्यात स्लो प्रयोग, लोल'. आता हेच असं सांगितलं असतंस तर बघ.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड विद्यापीठात थॉमस पार्नेल नावाचे प्राध्यापक होते. त्यांना विद्यार्थ्यांना दाखवायचं होतं की डांबर, जे हातोडा मारला तर काचेसारखं फुटतं, ते खरं म्हणजे द्रव आहे, फक्त अतिशय हळू वाहतं. १९२७ मध्ये त्यांनी डांबर गरम करून एका काचेच्या नरसाळ्यात ओतलं, तीन वर्षं ते बसू दिलं आणि १९३० मध्ये नरसाळ्याचं खालचं टोक कापलं. पहिला थेंब पडायला आठ वर्षं लागली. इतक्या वर्षांत एकूण नऊ थेंब पडलेत. पुढे जॉन मेनस्टोन नावाचे दुसरे प्राध्यापक १९६० च्या दशकापासून हा प्रयोग सांभाळायला लागले आणि त्यांनी पन्नासेक वर्षं तो सांभाळला. त्यांना एकदा तरी थेंब पडताना बघायचं होतं. १९८८ मध्ये थेंब पडायच्या बेतात होता, ते काहीतरी थंड प्यायला म्हणून काही मिनिटं बाजूला गेले आणि तेवढ्यात पडला. २००० मध्ये कॅमेरा लावून ठेवला होता, कॅमेऱ्यात नेमका बिघाड झाला आणि तो थेंबही हुकला. ऑगस्ट २०१३ मध्ये मेनस्टोन गेले. पुढचा थेंब एप्रिल २०१४ मध्ये पडला.

संपलं. दोनशे शब्दसुद्धा नाहीत, मोबाईलवर बोटानं टाईप करायला फार तर दहा मिनिटं. आणि आता सांग, हे वाचणाऱ्याला लिंकची गरज आहे का? लिंक खाली असू दे, ज्याला फोटो बघायचेत तो उघडेल, पण ज्यानं नाही उघडली त्यालाही तू काहीतरी दिलंस. तो संध्याकाळी घरी जाऊन दुसऱ्याला सांगू शकतो, 'अगं ऐक ना, एक माणूस पन्नास वर्षं थेंबाची वाट बघत होता...' तुझी गोष्ट तिथून पुढे चालायला लागते.

मेनस्टोन बिचारे हुकले हा भाग तुला लिंकमध्ये दिसला होता का रे? मला वाटतं दिसला असणार, तेवढ्यासाठीच तू थांबला असशील. मग नेमकं तेच लिहायचं राहिलं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की पाठवायच्या आधी स्वतःला विचार, मी कुठल्या ओळीपाशी थांबलो? ती ओळ लिही. मराठीत लिही, तुझ्या शब्दांत. इंग्रजी पानाचा मशीनवर केलेला तर्जुमा चिकटवू नकोस, तो वाचताना घशात अडकतो.

दुसरं, कुणाला. तुझ्या घरच्या ग्रुपवर ३४ माणसं आहेत म्हणतोस. ३४ जणांना एकदम सांगितलेली गोष्ट कुणालाच सांगितल्यासारखी होत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसरा कुणीतरी उत्तर देईल, आणि त्यात मध्येच कुणाचा वाढदिवस निघतो आणि तुझा थेंब वर सरकून जातो. मला जर विचारलंस तर ग्रुपवर टाकणं हा शेवटचा मार्ग, आधी एक माणूस शोध.

तो बल्बच बघ. कॅलिफोर्नियात लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासून एक बल्ब चालू आहे, हातानं फुंकून केलेली काच, आत कार्बनची तार, आता जेमतेम ४ वॅटच्या बल्बएवढा मंद उजेड देतो. त्याच्यावर वेबकॅम लावलाय. मे २०१३ मध्ये एका रात्री वेबकॅमवर बघणाऱ्यांना दिसलं की बल्ब विझला! सगळ्यांना वाटलं गेला. सकाळी इलेक्ट्रिशियन आला तेव्हा कळलं की बल्ब ठणठणीत आहे, त्याची वीज जाऊ नये म्हणून मध्ये जो यूपीएस बसवला होता तोच बिघडला होता. यूपीएस बाजूला काढून थेट जोडणी केल्यावर शंभरी पार केलेला बल्ब परत लागला. आता ही गोष्ट ३४ जणांना सांगायच्या ऐवजी तुझ्या ओळखीत कुणी वायरिंगची कामं करणारं असेल, इन्व्हर्टर दुरुस्त करणारं असेल, त्याला एकट्याला पाठवून बघ आणि खाली लिही, 'तुमचीच आठवण आली, यूपीएस गेला आणि बल्ब राहिला.' तो माणूस उत्तर देणार म्हणजे देणार, आणि नुसतं 'मस्त' असं नाही, तो तुला कार्बनच्या तारेबद्दल, कमी व्होल्टेजबद्दल, बल्ब सारखा चालू-बंद केला की तार का तुटते याबद्दल असं काही सांगेल जे त्या पानावर नव्हतंच. एका माणसाला पाठवण्यातला खरा फायदा हा आहे, परत काहीतरी येतं.

तसंच ते बदकांचं, तुझ्या टॅबच्या यादीत दिसलं मला. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिक महासागरात वादळात एका जहाजावरून कंटेनर पडले आणि त्यातल्या एकात आंघोळीच्या टबात तरंगणारी २८,८०० प्लास्टिकची खेळणी होती, पिवळी बदकं, निळी कासवं, हिरवे बेडूक, लाल बीव्हर. दहाएक महिन्यांनी ती अलास्काच्या किनाऱ्याला लागायला लागली. कर्टिस एबेसमायर नावाच्या समुद्रशास्त्रज्ञानं किनाऱ्यावर सापडणाऱ्या खेळण्यांच्या नोंदी गोळा केल्या आणि समुद्रातले प्रवाह कुठून कुठे जातात याचं कॉम्प्युटरवर जे गणित मांडलं होतं ते त्यावरून पडताळून बघता आलं. ही गोष्ट कुणाची आहे? ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याची. अशा एखाद्या आई-बाबाला पाठव आणि म्हण, आज मुलीला आंघोळ घालताना सांग. त्या पोरीला पुढे आयुष्यभर टबातलं बदक बघितलं की अलास्का आठवेल.

माझे एक काका होते, नेट वगैरे यायच्या आधीचे. ते पेपरमधली कात्रणं कापून पोस्टानं पाठवायचे, आणि प्रत्येक कात्रणाच्या कडेला पेन्सिलीनं एक ओळ असायची. मला आलेल्या एका कात्रणावर लिहिलं होतं, 'तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, मुंग्या झोपतात का.' मी विचारलं होतं हे मी विसरले होते, त्यांनी लक्षात ठेवलं होतं. बातमी काय होती हे आज धड आठवत नाही पण ती ओळ तशीच्या तशी आठवते. मोबाईलवर फॉरवर्डचं बटण इतकं जवळ आलंय की पेन्सिलीची ओळ लिहायला जागाच उरली नाही. सगळ्यांनी दाबत सुटल्यामुळे अफवांचा इतका सुळसुळाट झाला की व्हॉट्सअॅपला २०१८-१९ मध्ये एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा घालावी लागली, आणि २०२० मध्ये खूप वेळा फिरलेल्या मेसेजसाठी ती एकवर आणली. तुझे मेसेज त्या सगळ्या गर्दीत जाऊन पडतात, वरून बघणाऱ्याला तुझं आणि त्या गर्दीतलं सारखंच दिसतं. तुझी ओळ असेल तरच वेगळं दिसेल.

आता शार्क. इथे तुझ्या आतेभावाची बाजू घ्यावी लागतेय, बोलायची पद्धत सोडून. तो फोटो जोडकाम केलेला आहे आणि फार जुना आहे. मूळ फोटो दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रातला, थॉमस पेशाक या फोटोग्राफरनं काढलेला, पिवळ्या कयाकमध्ये बसलेला माणूस आणि त्याच्या मागे ग्रेट व्हाइट शार्क, आणि तो मूळ फोटो खरा आहे! त्यातला शार्क कुणीतरी उचलला आणि २०११ मध्ये आयरीन वादळानंतर पाण्यानं भरलेल्या रस्त्यावर नेऊन चिकटवला. तेव्हापासून जिथे कुठे मोठा पूर येतो तिथे तोच शार्क परत येतो, फक्त गावाचं नाव बदलतं.

पण याची दुसरी बाजूही तुला माहीत असू दे. सप्टेंबर २०२२ मध्ये फ्लोरिडात इयन वादळ आलं तेव्हा फोर्ट मायर्स गावात कुणाच्या तरी अंगणात भरलेल्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा तडफडतोय असा व्हिडिओ आला. सगळे म्हणाले, झालं, तोच शार्क परत आला. एका वृत्तसंस्थेनं तपासलं तर व्हिडिओ खरा निघाला. म्हणजे अजब आहे म्हणून खरं मानू नये तसंच अजब आहे म्हणून खोटंही मानू नये, प्रत्येक वेळी बघावंच लागतं, त्याला शॉर्टकट नाही.

बघायचं कसं? फोटो असेल तर गुगल लेन्सला दे किंवा टिनआय नावाच्या फोटो शोधायच्या साइटवर टाक, टिनआयमध्ये सगळ्यात जुना आधी असं लावता येतं, त्यात जर आजचा म्हणून फिरणारा फोटो दहा वर्षांपूर्वीचा निघाला तर प्रश्न तिथेच मिटला. मजकूर असेल तर पहिल्या पानावर थांबू नकोस, दुसरी जागा शोध, आणि ती दुसरी जागा पहिल्याचीच नक्कल नाही ना हे बघ, कारण दहा साइटवर शब्द न् शब्द तोच मजकूर असेल तर तो एकच पुरावा आहे, दहा नाहीत.

आणि नुसतं विकिपीडियावर आहे म्हणूनही विसंबू नकोस. मला विकिपीडिया मनापासून आवडतं, तिथला अनोळखी लेख उघडणारा दुवा मी कित्येकदा दाबते, पण इंग्रजी विकिपीडियावर २००७ पासून २०१२ च्या शेवटापर्यंत 'बिचोलिम कॉन्फ्लिक्ट' नावाचा एक लेख होता, म्हणजे गोव्यातली आपली डिचोली. १६४०-४१ मध्ये पोर्तुगीज आणि मराठा साम्राज्य यांच्यात युद्ध झालं असं त्यात सविस्तर लिहिलेलं होतं, संदर्भांची यादी होती, आणि तिथल्या संपादकांनी त्याला 'गुड आर्टिकल' असा चांगल्या लेखाचा दर्जाही दिलेला होता. पाच वर्षं! शेवटी कुणीतरी संदर्भात दिलेली पुस्तकं शोधायला गेलं तेव्हा कळलं की ती पुस्तकंच अस्तित्वात नाहीत, अख्खं युद्ध बनावट. आता तू सांग, शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, १६४० मध्ये ते दहा वर्षांचे, तेव्हा कुठलं मराठा साम्राज्य? शाळेत इतिहास वाचलेल्या कुणाही मराठी माणसाला ते एका झटक्यात खटकलं असतं, फक्त तिथे पोचायला हवं होतं. म्हणून सांगते, वाचताना जिथे थोडंसं खटकतं ना, तिथे पुढे स्क्रोल करू नकोस. आणि माझा अनुभव असा की ही तपासणी करताना मूळ गोष्टीहून जास्त रंगतदार काहीतरी हाती लागतं. तू शार्कचा फोटो टाकण्याऐवजी 'हा फोटो दर पुराला परत येतो, त्याचा खरा जन्म असा' एवढं टाकलं असतंस तर आतेभाऊसुद्धा वाचत बसला असता.

अजूनही वेळ गेलेली नाही. त्याला वेगळा मेसेज कर, 'तू म्हणालास ते बरोबर होतं, मी शोधलं, मूळ फोटो हा आहे.' एवढंच. आणि ग्रुपवरही एक ओळ टाक की तो फोटो खोटा होता, कारण तुझ्याकडून घेऊन कुणीतरी पुढे पाठवला असेल. सगळ्यांसमोर कचरा म्हटल्याचं तुला लागलंय, ते त्याला सांगायचं असेल तर तेही त्याच खासगी मेसेजमध्ये सांग, मनात ठेवून बसू नकोस.

थोडं तांत्रिक सांगते, ते भराभर. लिंक पाठवताना तिची शेपटी काप. प्रश्नचिन्हानंतर यूटीएम (utm) किंवा एफबीसीएलआयडी (fbclid) असलं काही दिसलं तर ती नुसती माग काढायची चिठ्ठी असते, तू कुठून आलास हे साइटला कळावं म्हणून, ती काढली तरी पान उघडतं. पण प्रश्नचिन्ह दिसलं की सगळंच उडवायचं असं नाही, यूट्यूबच्या लांब लिंकमध्ये व्हिडिओचा नंबर प्रश्नचिन्हानंतरच येतो, त्यामुळे कापल्यावर एकदा स्वतः उघडून बघ. लांब पानातलं एकच वाक्य दाखवायचं असेल तर क्रोममध्ये ते वाक्य सिलेक्ट करून हायलाइटची लिंक कॉपी करता येते, उघडणारा बरोबर त्याच वाक्यावर उतरतो. व्हिडिओ असेल तर कितव्या मिनिटाला बघायचं ते लिही, चाळीस मिनिटांतली दोनच मिनिटं कामाची असतात. आणि रात्री एक वाजता पाठवू नकोस रे, सापडलं की लिहून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पाठव. रात्री भारी वाटलेल्या निम्म्या गोष्टी सकाळी आपल्यालाच तेवढ्या वाटत नाहीत, ज्या सकाळीही वाटतात त्या पाठवायच्या.

त्या ६३ टॅबचं मात्र लवकर काहीतरी कर. टॅब उघडा ठेवला म्हणजे गोष्ट जपली असं होत नाही. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली, २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. शंभरातली अडतीस. त्यातली कितीतरी असल्याच छंदी माणसांची असणार, कुणीतरी एकट्यानं वर्षानुवर्षं जमवलेली माहिती, होस्टिंगचे पैसे भरायचे थांबले आणि गेली. म्हणून जे पान खरंच जीव लावणारं वाटेल ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सेव्ह कर, तिथे पत्ता टाकून 'सेव्ह पेज' करता येतं, फुकट आहे, कुणालाही करता येतं. असं पान तू वाचवलंस तर तुझ्यानंतर कधीतरी भटकत येणाऱ्या अनोळखी माणसाला ते मिळेल, शेअर करण्याचा हाही एक प्रकारच आहे आणि मला तो फार मोठा वाटतो. आणि एक साधी वही कर, कागदाची नाहीतर फोनमधली, तारीख, पत्ता आणि एक ओळ, मी इथे का थांबलो. एक ओळ सुचत नसेल तर तो टॅब बिनधास्त बंद कर. ६३ मधले वीसेक उरतील असा माझा अंदाज आहे.

तुझ्यासारखी माणसं शोधू का, असं विचारलंयस. शोध की. अजब गोष्टी गोळा करणारे लोक नेटवर भरपूर आहेत, त्यांच्यात तुला बरं वाटेल, तिथे शिकशीलही. फक्त घरच्यांना सोडून तिकडे जाऊ नकोस, कारण तुझ्या पत्रातलं एक वाक्य मला सारखं टोचतंय. अख्ख्या पत्रात तू काय काय पाठवलंस ते आहे. दुसऱ्यानं तुला काय पाठवलं याबद्दल एकच वाक्य आहे, बहिणीच्या क्रोशाच्या व्हिडिओचं, आणि त्यात तू म्हणतोस की बघणं होत नाही. आणि लगेच पुढचं वाक्य, माझ्याशी असलं काही बोलणारं कुणी नाही.

अरे, ती बोलतेय ना. तीही कुठेतरी भटकते, तिलाही काहीतरी सापडतं, आणि तिनं त्यासाठी ३४ जणांचा ग्रुप धरला नाही, थेट तुला पाठवलं. तुझ्या मेसेजला निळ्या टिका बघून तुला जे वाटतं तेच तिला तुझ्या टिका बघून वाटत असेल, किती दिवसांपासून कोण जाणे.

तुला क्रोशात इंटरेस्ट नाही, कबूल. मग तुझ्याच वाटेनं जा. हायपरबोलिक प्लेन नावाचा भूमितीतला एक प्रकार आहे, सपाट नाही, गोलासारखा आत वळणाराही नाही, उलट जसजसं बाहेर जावं तसतसा जास्तच पसरत जाणारा, कडेला झालरी पडणारा. शंभराहून जास्त वर्षं गणितवाल्यांना तो कागदावर समजत होता पण हातात धरता येईल असं टिकाऊ मॉडेल करणं फार अवघड जात होतं, कागदाच्या पट्ट्या चिकटवून करायचे, त्या फाटायच्या. १९९७ मध्ये डाइना टाइमिन्या या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणिताच्या प्राध्यापिकेनं अशी कागदाची मॉडेलं बघितली आणि त्यांच्या लक्षात आलं की हे क्रोशानं विणता येईल, दर काही टाक्यांनंतर एक टाका वाढवत जायचं, बस. आणि विणलं. हातात धरा, दुमडा, चुरगाळा, काही होत नाही. पुढे वर्थहाइम आडनावाच्या दोन बहिणींनी, एक विज्ञानावर लिहिणारी, एक कलेतली, २००५ मध्ये हेच टाके वापरून प्रवाळ विणायला सुरुवात केली, कारण खऱ्या प्रवाळाच्या झालरी त्याच भूमितीतल्या असतात, आणि बघता बघता देशोदेशीची हजारो माणसं त्यात विणायला लागली.

हे तिला पाठव. गोष्ट तुझ्या शब्दांत, लिंक खाली, आणि शेवटी विचार की दर पाच टाक्यांना एक वाढवला तर काय होतं, तू करून बघितलंयस का. फक्त ते पाठवायच्या आधी वर स्क्रोल करून तिनं शेवटचा पाठवलेला व्हिडिओ उघड आणि पूर्ण बघ, आणि त्यात ती नेमकी कुठे थांबली असेल ते ओळखून तेवढं आधी तिला लिही.